दिवाणजी गेले, त्यांचं काम माझ्याकडं आलं, पगार तोच. आत्ताच मागावं की उलंगवाडी (कापसाचा सिझन संपणं) झाल्यावर?

काटापावती:
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुई करायची गिरणी) काट्यावर आहो, सहा वर्षं झाली. माझं काम म्हणजे गाडी आली की भरलं वजन घ्यायचं, खाली होऊन आली की रिकामं वजन, अन् पावती फाडायची. पगार 12,500. दसऱ्याच्या आधी आमचे दिवाणजी तब्येतीपायी सोडून गेले. शेठजी म्हणाले, तुले कॉम्प्युटर येते, दोन-चार दिवस सांभाळ, माणूस पाहून राहिलो. त्या दोन-चार दिवसांचा आता चौथा महिना लागला. शेतकऱ्यांचं पेमेंट, बँकेचं आरटीजीएस, रुईच्या गाड्यांचं ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाईन परवाना), सीएला खरेदीचे आकडे (शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा 5 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं आपल्यालाच भरावा लागते, तो हिशोब वेगळाच), अन् हमीभावानं कापूस द्यायला सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळ) कपास किसान ॲपवर स्लॉट घेऊन आलेल्या माणसाचं सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळलं नाही की तोही माझ्याच टेबलावर.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला गेटबाहेर ट्रॅक्टरची लाईन, एका कानाला बँकेवाल्याचा फोन, समोर एक म्हातारे काका, त्यांच्या कापसात ओलावा 13 टक्के निघाला म्हणून सीसीआयच्या ग्रेडरनं परत केला होता (12 च्या वर ते घेतच नाहीत), ते हात जोडून म्हणून राहिले बाबू खासगीत तरी लाव. त्या गडबडीत एका गाडीचं रिकामं वजन टाकायचं राहून गेलं, दुसऱ्या गाडीचं पडलं, 4 क्विंटल 20 किलोचा फरक आला. सकाळी शेठजींनी हमालांसमोर मला विचारलं. चूक माझीच, पण दोन माणसांचं काम एकाच्या डोक्यावर असल्यानं झाली हे कोणी विचारलं नाही.

दिवाणजींना 19,000 होते. मी 19 मागून नाही राहिलो, 17,000 म्हणतो. माझं मत एकच आहे, काम ज्या महिन्यात वाढलं त्याच महिन्यापासून पैसे वाढले पाहिजेत. घरी बाबा म्हणतात आत्ता तोंड उघडू नको, सिझन निघून जाऊ दे. तुमचं काय म्हणणं?

पाडवा_ते_पाडवा:
बाबू, तुझे बाबा बरोबर सांगून राहिले. माझ्या वडिलांनी 22 वर्षं सालदारकी केली. साल ठरे पाडव्याला, नगद किती, जवारी किती कुडव, चपला, घोंगडी, सगळं चार माणसांत. एकदा ठरलं की वर्षभर त्यावर बोलणं नाही. मधात मालकाला अडवून पैसे वाढवून घेतले अशा सालदाराला पुढच्या पाडव्याला गावात कोणी दारात उभं करत नसे. तू ऐन कापसाच्या वक्ती मागशील तर शेठ म्हणणार की यानं माझा गळा धरला. देईलही, पण मनात धरून ठेवील. उलंगवाडी होऊ दे, मग बस त्यांच्याजवळ.

खारपाणपट्टा:
काका तुमचा मान ठेवून बोलतो पण उदाहरण उलटं पडून राहिलं. साल ठरताना काम पण ठरते ना, एक बैलजोडी, इतकं वावर. मालकानं श्रावणात शेजारचं दहा एकर मक्त्यानं घेतलं अन् त्याच सालदाराला म्हटलं हेही तूच पाह्य, तर तुमचे वडील काही बोलले नसते का? इथं तेच झालं. ठरलेलं तर शेठजींनी मोडलं, दोन-चार दिवस म्हणून चार महिने. अन् उलंगवाडीनंतर काय, जिनिंगमध्ये भुंगा नाही फिरत तेव्हा, त्या वक्ती शेठ म्हणणार आता कामच कुठं आहे. गरज संपल्यावर मागायला जाणं म्हणजे पाऊस गेल्यावर सरकी टोबणं.

डाळमिलवाला:
मी मालक माणूस आहो, लहानसा, तूर भरडतो, 9 जण कामाला. माझी बाजू पण ऐका. यंदा, 2025-26 च्या सिझनले, जिनिंगवाल्याचे हाल पाहा. आयात होणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्टपासून 31 डिसेंबर 2025 पर्यंत काढलं, रुईचा भाव दबला. इकडं यंदाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110, खुल्या बाजारात तेवढा परवडत नाही, म्हणून शेतकरी सीसीआयकडं चालला अन् जिनिंगवाला स्वतःची खरेदी सोडून सीसीआयच्या कापसाच्या मजुरीवर गठाणी बांधून राहिला. त्यात बँकेचं व्याज, लाईट बिल. अशात 4,500 एकदम म्हणजे तुझ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर. एकाला दिले की प्रेसवाला, फिटर, सगळे दुसऱ्या दिवशी येतात. मी असतो तर म्हणलो असतो सिझनचं इनाम एकरकमी घे, पगाराचं पाडव्याला बोलू. हे काही लुबाडणं नाही.

काटापावती:
दादा, मंदी आहे हे मी रोज वहीत पाहतो, नाकारत नाही. पण दिवाणजींचे 19,000 चार महिन्यांपासून वाचूनच राहिले ना. मी तर त्यातलेच साडेचार हजार मागतो, साडेचौदा तरी शेठजींकडंच राहतात.

पतसंस्थावाली:
दादा, इनामावर राजी होऊ नका हो. मी तालुक्याच्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वसुलीवाला गेला तेव्हा वसुलीही माझ्याकडं दिली, उन्हात स्कुटीवर गावंगावं. दिवाळीला 5,000 हातावर ठेवले, मी आनंदानं घेतले. त्यानंतर जेव्हा जेव्हा पगाराचा विषय काढला तेव्हा उत्तर एकच, तुला दिले ना दिवाळीत. इनाम एकदा येते, पगार दर महिन्याला येते, अन् पीएफ पगारावर कटते, इनामावर नाही. दुसऱ्या वर्षी मी तोंडी बोलणं बंद केलं. एका कागदावर आधीचं काम अन् आत्ताचं काम समोरासमोर लिहिलं, किती खाती, किती वसुली, अन् मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवला. पूर्ण नाही भेटलं, पण 2,200 वाढले आणि पदाचं नाव बदललं. आवाज चढवावा लागला नाही. एवढंच सांगते की मी ते दीड वर्ष आधी करायला पाहिजे होतं, त्या दीड वर्षाचे पैसे कोण देणार मला?

बुटीबोरी_शिफ्ट_बी:
कशाले एवढा विचार, सोड अन् ये इकडं बुटीबोरीले, नागपूरजवळच्या एमआयडीसीत. टॅली अन् ई-वे बिल येणारा पोट्टा कुठंही लागते.

खारपाणपट्टा:
अन् रूमभाडं, खानावळ, घरी म्हातारे आई-बाप, त्याचं काय भाऊ? सगळ्यांना गाव सोडता येत नाही. म्हणूनच तर गावात राहून बोलता आलं पाहिजे.

कामगार_भवन:
भावनेचं झालं असेल तर दोन गोष्टी कायद्याच्या. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर जास्तीच्या तासांची मजुरी दुप्पट दरानं द्यावी लागते. तू मॅनेजर नाहीस, काट्यावरचा माणूस आहेस, तर हजेरी वहीत तुझी खरी वेळ लागून राहिली का ते आधी पाह्य, रात्री साडेदहापर्यंत बसतोस अन् वहीत सहा वाजता सुट्टी असेल तर तुझ्याजवळ काही पुरावा नाही. दुसरी, ग्रॅच्युइटी. फक्त सिझनपुरत्या माणसाला दर सिझनचा 7 दिवसांचा पगार धरतात, बारमाही असलेल्याला दर वर्षाचा 15 दिवसांचा. तू उन्हाळ्यातही जातोस ना? मग कागदावर बारमाही आहेस का सिझनचा, हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नको, तो मागं ठेव.

पाडवा_ते_पाडवा:
बाबू, तो मक्त्याच्या वावराचा मुद्दा माझ्या मनाला लागला. वडील बोलले असते का? नसते बोलले बावा, त्यांनी तेही वावर ओढलं असतं, अन् ओढलंही. कंबर गेली त्यात. तरी मी म्हणतो शेठची चारचौघांत गोष्ट काढू नको, एकटा असताना बोल. माणूस एकटा असला की ऐकते.

काटापावती:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. ताईंसारखा कागद आज रात्री बनवला, डाव्या बाजूला सप्टेंबरपर्यंतचं काम, उजव्या बाजूला आत्ताचं, खाली मागच्या महिन्यात किती गाड्या अन् किती पेमेंट माझ्या हातून गेले ते पावतीबुकावरून मोजून टाकलं. त्या 4 क्विंटल 20 किलोचंही लिहिलं, लपवून काय करू. काट्यावर एक पोट्टा ठेवा अन् मला दिवाणजीचं काम पूर्ण द्या, नाही तर दोन्ही कामांचे पैसे द्या, असे दोन रस्ते ठेवले. 17,000 च ठेवलं, कमी नाही केलं. उद्या सकाळी सातला शेठजी दिवाबत्ती करून गादीवर एकटेच बसतात, पहिली गाडी काट्यावर चढायला आठ वाजतात. तेवढा एक तास आहे.

पतसंस्थावाली:
झेरॉक्स काढून घरी ठेवा. अन् विचार करून सांगतो म्हणाले तर कोणत्या तारखेला ते तिथंच विचारून घ्या, मी ते विसरले होते.