मदत हवी आहे: जळगावात जुनी मस्टँग परवडेल का?
राम राम मंडळी. यंदा केळीला भाव बरा मिळाला आणि धाकट्याच्या डोक्यात फोर्ड मस्टँग ही स्पोर्ट्स कार बसली. दिल्ली पासिंगचं जीटी मॉडेल आहे, 5.0 लिटरचं व्ही8 (आठ सिलिंडरचं) इंजिन. देखणी आहे, वादच नाही. पण फोर्डने 2021 मध्येच इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, आणि मस्टँग तर मुळातच आयात व्हायची. मग ब्रेक पॅड, सेन्सर, रेडिएटर आता मागवता कुठून? भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात, गर्दीत इंजिन तापतं का? दिल्लीहून एनओसी (ना हरकत दाखला) आणून एमएच 19, म्हणजे जळगाव पासिंग, करताना कर मूळ किमतीवर लागतो की आजच्या? वडील म्हणतात, एवढ्या पैशात दोन ट्रॅक्टर येतील (जास्तच येतील, पण मी गप्प बसलो). आमच्या शेतरस्त्यावर ती खाली घासणार, हे नक्की. धुळे-नाशिककडे कुणी वापरत असाल तर महिन्याचा खर्च खरा सांगा भाऊ, बयाणा अजून दिलेला नाही.