वजन उतरतं पण टिकत नाही, घरचंच जेवून कायमचं कोणाला जमलंय का?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. वय 43, उंची 5 फूट 2 इंच, वजन 74. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, 6.1 आलंय. डॉक्टर म्हणाले डायबिटीस अजून नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी आत्ताच नको, तीन महिने खाणंपिणं आणि चालणं सुधारा मग परत बघू. बाबांना पन्नाशीच्या आतच शुगर निघाली होती आणि पुढे पायाच्या जखमेने फार भोगलं त्यांनी, त्यामुळे मला हे हसण्यावारी न्यायचं नाहीये.

वजन उतरत नाही असं नाही हो. दोन वेळा जेवायचं सुरू केलं तेव्हा सात-आठ किलो उतरलं होतं, सगळे विचारायला लागले काय गं किती बारीक झालीस. मग दिवाळी आली, पाठोपाठ दिराचं लग्न, आणि वर्षभरात काटा होता तिथे. त्याच्या आधी एका डाएटिशियनचा चार्ट होता, ओट्स, ब्रोकोली, चिया सीड्स, म्हणजे माझ्या एकटीचा वेगळा स्वयंपाक. घरात माणसं सहा, ओटा एक आणि तो सासूबाईंचा, सकाळी चार डबे भरून आठच्या आधी स्टेशन गाठायचं. यात माझं वेगळं ताट कोण करणार आणि किती दिवस करणार?

तर ज्यांचं उतरलेलं वजन तीन-चार वर्षं तरी परत आलं नाही त्यांनी प्लीज लिहा, घरात नेमकं काय बदललंत. पावडरी, शेक आणि पोट उतरवणारे काढे विकणाऱ्यांनी कृपया इथे येऊ नका, आमच्या नणंदेचे पुष्कळ पैसे गेलेत त्यात.

फेरफटका

ताई, आधी डोक्यातला आकडा बदला. तुम्ही 58-60 धरून बसला असणार, सगळेच बसतात, आणि तो लांब दिसतो म्हणून महिन्या-दोन महिन्यांत माणूस सोडून देतो. अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम म्हणून एक मोठा अभ्यास झाला, 2002 साली छापून आला, तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांचा. त्यांना टार्गेट काय होतं तर वजनाच्या 7 टक्के कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं, बास. त्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिलेल्या गटात 31 टक्क्यांनी. तुमच्या 74 चे 7 टक्के म्हणजे पाच किलोच्या आसपास, म्हणजे 69 चं बघा, 58 चं नको.

आपल्याकडचंही सांगतो. चेन्नईत डॉ. रामचंद्रन आणि त्यांच्या टीमने असाच अभ्यास केला, 2006 ला आला. तिथे तीन वर्षांत काहीच न बदललेल्यांपैकी 55 टक्के लोकांना डायबिटीस झाला आणि खाणं-चालणं बदललेल्यांत 39 टक्के, आणि मुख्य म्हणजे या लोकांचं वजन फारसं हललंच नव्हतं. मला हे वाचून फार धीर आला होता कारण काटा दोन-दोन महिने जागचा हलत नाही तेव्हा वाटतं सगळं फुकट चाललंय. तसं नसतं.

आणि काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते आपल्या बाबतीत. आमच्या पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम शोधून वाचा. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचे दोघांचे फोटो आणि आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा 22.3, पण अंगात चरबी युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिक सरांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आत चरबी, हे आपलं भारतीयांचं दुखणं. म्हणून कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना 80 सेंटिमीटर आणि पुरुषांना 90 ची मर्यादा धरतात.

माझं वजन 86 होतं, आता पाच-सहा वर्षं 75 ते 78 मध्ये असतं. सणावाराला वर जातं, उतरतं. रोज सकाळी तळजाई टेकडी, पावसाळ्यात बिल्डिंगचे जिने. रविवारची मिसळ आहे अजून, पण एक पाव आणि वर फरसाण नाही. चहा तीनवरून दोन आणि बिनसाखरेचा, पहिला महिना जड गेला, आता साखरेचा चहा घशाखाली उतरत नाही.

सांगलीची_माहेरवाशीण

अगं अबोली, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ, माझ्या एकटीचा वेगळा स्वयंपाक असं लिहिलंयस ना, तेच टिकत नाही कुणाचं. आमच्यात पण सहाच माणसं. मी एकटीचं डाएट कधी केलंच नाही, सगळ्या घराचं तेल मोजलं.

म्हणजे काय केलं तर महिन्याच्या किराणा यादीत बघितलं तेल किती आणतो. सात लिटर. सात लिटर म्हणजे साधारण 6400 ग्रॅम, सहा माणसं, तीस दिवस, भागाकार केला तर रोज माणशी 35 ग्रॅम तेल, आणि त्यात तूप, दाण्याचं कूट, बाहेरचा वडापाव काहीच धरलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2000 कॅलरीचं ताट आहे त्यात दिवसाला 27 ग्रॅम दिलंय, तेल तूप सगळं मिळून. एक ग्रॅमला 9 कॅलरी, तू कर हिशोब.

मग ओट्यावरची ती बारीक तोटीची किटली होती ना, जिच्यातून डोळे झाकून कढईत धार धरतो, ती वर ठेवून दिली आणि स्टीलच्या डब्यात पोहे खायचा चमचा ठेवला. भाजी सहा जणांची, तेल चार चमचे, ठरलेलं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा कळलं की किटलीतून आम्ही वांग्याच्या भाजीला नऊ-दहा चमचे घालत होतो, वर तवंग यायला पाहिजे म्हणून. आता वांगी आधी वाफवून घेते आणि तवंग हवाच असेल तर शेवटी एक चमचा तेल तिखट घालून वरून सोडते. रंग तोच, बघणाऱ्याला कळत पण नाही. घडीची पोळी रोज होती, ती आता रविवारी, एरवी फुलके नाहीतर ज्वारीची भाकरी. महिन्याला पाच लिटरवर आलोय, म्हणजे माणशी 25 ग्रॅम.

भात बंद केला नाही, आमच्या मामंजींना भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि मला पण नाही. वरण घट्ट केलं. आधी वाटीभर डाळीत पातेलंभर पाणी असायचं, आता भात एक मूद आणि वरण दोन वाट्या. मटकी मूग हरभरा असं एक कडधान्य रोज भिजत असतंच.

आणि उपवासाचं बोलू का? साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा, कूट, तूप, आणि एकादशी, चतुर्थी, सोमवार धरून महिन्यात सात-आठ वेळा. आम्ही वरी आणि दाण्याची आमटी करतो, थोडीच, त्यासोबत काकडी, लाल भोपळ्याचं भरीत, ताक. उपवास पण होतो आणि दुपारी डोळे मिटत नाहीत.

माझं स्वतःचं नऊ किलो गेलं सव्वा-दीड वर्षात, चार वर्षं होत आली, परत आलं नाही कारण परत जायला जुनं काही राहिलंच नाही घरात. मामंजींचं बीपी पण बरं राहतंय, लोणचं-पापड रोज ताटात असायचं ते कमी झालं त्याचा पण गुण असेल.

दोन_वेळा

दीक्षित सरांच्या दोनदाच जेवायच्या पद्धतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी 2018 पासून दोन वेळाच जेवतो, 55 मिनिटांच्या आत, मधे साखरेचं काही नाही. हीच पद्धत सांगणाऱ्या डॉ. जिचकारांचं भाषण आधी ऐकलं होतं, मग दीक्षित सरांचं. मला टिकलंय आणि अजून टिकेल. पण का टिकलं ते खरं सांगतो, मला सकाळी भूकच नसते, दुकान अकराला उघडतं, मी साडेदहाला जेवून निघतो आणि रात्री सातला जेवतो. माझ्या दिवसात ते बसलं. ताईंना सहाला उठून डबे भरून लोकलमध्ये उभं राहून जायचंय, घरी यायला आठ-साडेआठ, त्यांच्या दिवसात ते ओढूनताणून बसवावं लागणार. पद्धत चांगली की वाईट हा वादच नाही यात.

एक मात्र कळकळीने सांगायचंय सगळ्यांना. शुगरची गोळी चालू असेल, खास करून ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्शुलिन असेल, तर डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नका. आमच्या शेजारच्या काकांची शुगर अशीच एकदम खाली गेली, घामाने भिजले होते, हात थरथरत होते, वेळेवर साखरपाणी दिलं म्हणून निभावलं.

व्यायाम_आधी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज गुडघे आणि कंबरा बघते म्हणून चालण्याच्या पुढचं लिहिते. अबोली, तुझं सात-आठ किलो झटपट उतरलं ना, त्यात नुसती चरबी नव्हती गेली, स्नायू पण गेले असणार. ताकदीचा व्यायाम नाही आणि पोटात प्रोटीन कमी असेल तर असं होतंच. आणि परत येताना येते ती बहुतेक चरबी. म्हणून दर वेळी काटा तोच दाखवतो पण अंग आधीपेक्षा ढिलं वाटतं, जिना चढताना दम लागतो. चाळिशीनंतर स्नायू तसेही कमी व्हायला लागतात, शिवाय जेवणातून आलेली साखर मोठ्या प्रमाणावर मांड्यांचे, पाठीचे स्नायूच उचलतात, ते जितके धड तितकी शुगर आटोक्यात.

जिम लावायलाच पाहिजे असं नाही. खुर्चीसमोर उभं राहून हळूहळू बसायचं आणि हात न टेकवता उठायचं, दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. भिंतीला हात लावून जोर. दोन हातात दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पाठ सरळ ठेवून वाकणं-उठणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस मिनिटं पुरतात, आणि सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं, हे वाढवणंच बायका करत नाहीत. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम, गुडघा दुखत असेल तर आधी कोणाला तरी दाखव.

प्रोटीनचं साधं गणित, वजनाच्या किलोमागे रोज साधारण पाऊण ते एक ग्रॅम. वाटीभर शिजलेल्या वरणात पाच-सहा ग्रॅम, अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, 50 ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये पंचवीसच्या आसपास. पोहे-चहा, पोळी-भाजी, वरणभात असा दिवस लिहून काढ, तीस-पस्तीसच्या पुढे जाणं कठीण. सांगलीच्या ताईंनी वरण घट्ट केलं ते लाखमोलाचं आहे, त्यात ताटात अंडं नाहीतर घट्ट दही आलं की झालं.

आणि रात्री जेवून लगेच सोफ्यावर नको, दहा-पंधरा मिनिटं शतपावली, जेवणानंतर चढणारी शुगर त्याने खरंच कमी चढते.

अबोली_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. तेलाचा हिशोब आत्ताच केला, आमचंही सातच्या वरच आहे. दोन शंका आहेत. एक, रात्रीचं जेवण नऊ-सव्वानऊला होतं, आधी शक्यच नाही, आणि तोपर्यंत इतकी भूक लागते की चार पोळ्या कधी जातात कळत नाही. दुसरं, सासूबाईंना कसं सांगू? त्या करतात ते प्रेमानेच करतात, त्यांना वाटेल नावं ठेवतेय.

सांगलीची_माहेरवाशीण

भुकेचं सोपं आहे, संध्याकाळी सहाला ऑफिसमधून निघायच्या आधी खा. फुटाणे मूठभर आणि एक पेरू नाहीतर केळं, किंवा डब्यात जास्तीची उसळ ने. मग स्टेशनबाहेर गरम वड्याचा वास आला तरी पाय थांबत नाहीत आणि घरी दोन पोळ्यांत भागतं.

सासूबाईंचं म्हणशील तर तुझ्या वजनाचं नावच काढू नकोस. तुझा रिपोर्ट दाखव आणि सांग की आई, माझ्या बाबांचं काय झालं तुम्ही बघितलंय, मला डॉक्टरांनी तेल-साखर कमी सांगितलंय, तुम्हीच सांगा कशी करू भाजी. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मग स्वतःहून अळूची पातळ भाजी, कुळथाचं पिठलं, अंबाडी, त्यांच्या लहानपणीचं काय काय काढलं, तेव्हा घरात तेल तरी कुठे होतं एवढं. आता चमचा मोजायला मी नसले तरी त्या मोजतात.

लॅबवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, एक राहिलं म्हणून लिहिते. अबोलीताई, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? बायकांमध्ये आयर्न कमी असणं फार कॉमन आहे आणि आयर्न कमी असेल तर एचबीएवनसी थोडं जास्त दिसू शकतं. पुढच्या वेळी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची टेस्ट), फेरिटिन (अंगातल्या आयर्नचा साठा) आणि उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर सोबत करा, थायरॉइड झालं नसेल तर टीएसएच पण, आणि सगळे रिपोर्ट डॉक्टरांना एकत्र दाखवा.

एचबीएवनसी दर महिन्याला करू नका, ती दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, पैसे वाया जातात आणि जीव उगीच खालीवर होतो. तीन महिन्यांनीच करा. कंबर मात्र पंधरवड्याला मोजा, परकराच्या नाडीच्या जागी नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मध्ये, श्वास नेहमीसारखा सोडून, टेप न आवळता. रिपोर्ट आला की इथे लिहा नक्की.