बर्फाचे वय आणि हवेचे वय
तापमापक जेमतेम चारशे वर्षांचा, मग लाखो वर्षांपूर्वीचे तापमान हा निव्वळ अंदाजच, ही शंका रास्त असली तरी त्यातला ‘निव्वळ’ हा शब्द मला पटत नाही. अंटार्क्टिकातील डोम सी येथे सुमारे ३.२ किलोमीटर खोलीपर्यंत भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात, म्हणजे लांब दंडगोलात, ८ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत कोंडलेली आहे. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड थेट मोजता येतो, तापमान मात्र बर्फातील जड आणि हलक्या हायड्रोजनच्या प्रमाणावरून काढावे लागते. गंमत अशी, की ही हवा भोवतालच्या बर्फाहून वयाने लहान असते, कारण हिमाचे थर दबून पुरते घट्ट होईपर्यंत त्यांच्या फटींतून वरची हवा खेळतच राहते. डोम सी येथे हे अंतर काही हजार वर्षांचे भरते, आणि म्हणूनच आधी तापमान वाढले की कार्बन डायऑक्साइड, हा वाद बराच काळ रेंगाळला.