पोस्टिंग लागलंय? कोल्हापूरच्या वॉर्डातलं जाणत्यांनी इथं लिहा

सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) नि बाकी रुग्णालयांत नर्सिंगच्या नव्या मुलामुलींच्या पोस्टिंगा सुरू होतात, तेव्हा प्रोसिजर पाठ असते पण हात बिचकतो. आपबीती नको. करताना नेमकं काय चुकतं आणि का, तेवढंच लिहा.

मेडिसिन वॉर्ड

इन्सुलिनपासून धरा. वॉर्डातली व्हायल बहुतेक 40 ची, म्हणजे 1 मिलीत 40 युनिट. पेनच्या कार्ट्रिजात साधारणपणे 1 मिलीत 100. सिरिंजाही दोन: लाल टोपीची 40 ची, केशरी टोपीची 100 ची. 40 च्या व्हायलमधून 100 च्या सिरिंजनं दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर 0.1 मिली येतं, म्हणजे जेमतेम 4 युनिट. साखर उतरत नाही आणि राउंडला डोस मात्र वाढतो. उलटं झालं, 100 चं औषध 40 च्या सिरिंजनं, तर दहाच्या जागी 25 युनिट जातात. टोपी काढून ट्रेत टाकली की रंगाची खूण गेलीच, म्हणून नळीवरचा आकडा वाचायचा. व्हायलवरचाही.

सर्जरी वॉर्ड

सलाईन: 500 मिली 8 तासांत, 20 थेंबांचा सेट (1 मिलीत 20 थेंब) असेल तर मिनिटाला 21 थेंब. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, काही सेट 15 चे निघतात. मायक्रोसेटचे 60, तिथं तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब. एकदा लावलं की झालं, असं नसतं. पेशंट उठून बसला, कोपर दुमडलं की थेंब बदलतात. परत मोजा.

कॅज्युअल्टी

पावसाळ्यात इथं पोस्टिंग म्हणजे सर्पदंश आलाच. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडची भातलावण आणि साप एकाच वेळी बाहेर पडतात. पायाला घट्ट फडकं बांधून आणलं असेल तर घाईनं सोडू नका. डॉक्टर समोर, सगळी तयारी हाताशी, मगच. एकदम सोडलं की अडलेलं विष झटक्यात अंगात पसरतं.

रक्त गोठतंय का बघायला 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं आणि 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची. काचच हवी, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागानं सुरू होते. प्लॅस्टिकची ट्यूब किंवा साबणाचा अंश राहिलेली काच फसवते: न गोठलेलं रक्त बघून घोणसाचं, फुरशाचं विष भिनलं असं वाटतं. मण्यार चावली असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं. तिथं पापण्या जड होतायत का, गिळता येतंय का, हे बघत राहायचं.

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. त्याच्या पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली स्टराईल वॉटर. खळखळून हलवलं की नुसता फेस. हातात हळू फिरवा. सुरुवातीला साधारण 10 व्हायल्स, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. टेस्ट डोस करत नाहीत. अॅड्रेनालिन, म्हणजे रिअॅक्शनवरचं औषध, मात्र आधी भरून ठेवायचं.

फीमेल वॉर्ड

बायका ‘चक्कर’ म्हणत नाहीत, ‘भवळ आली’ म्हणतात. ‘उमळून येतंय’ म्हणजे मळमळ, ‘ढास’ म्हणजे खोकला. ‘मोशन झाली का?’ विचारलं की मान नुसतीच हलते. ‘आजी, परसाकडं झाली का?’ म्हणा, खरं उत्तर येतं.

युरॉलॉजी

कॅथेटरचा, म्हणजे लघवीच्या नळीचा, फुगा फुगवायची घाई नको. लघवी आली की अजून थोडा आत सरकवा, मग डिस्टिल्ड वॉटर भरा. फुगा मूत्रमार्गातच फुगला तर जखम होऊन रक्त येतं. सलाईन भरू नये. त्यातल्या मिठाचे खडे धरले की काढताना फुगा रिकामा होत नाही. बॅग मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको.

पुन्हा मेडिसिन वॉर्ड

वरच्या सलाईनच्या मुद्द्यात भर. केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबू शकतं. बाटलीत घातलं की नीट हलवून मिसळा आणि लेबल तिथंच चिकटवा. आणि सुईला परत टोपी घालू नका, बरेच प्रिक तिथंच होतात. सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज नि सेट लाल पिशवीत, काचेची व्हायल निळ्यात, रक्ताचा बोळा पिवळ्यात. टोचलीच तर बोट दाबायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच इनचार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीचं पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावं लागतं. ड्यूटी संपल्यावर सांगतो म्हणून थांबलात, तर पहिले 2 तास तिथंच जातात.