मदत हवी आहे: काळ्या पाषाणाचं देऊळ आणि पितळी घंटा लेझरने साफ करावी का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

जुन्या नाशकात आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात घराण्याचं छोटंसं महादेवाचं देऊळ आहे. खासगी आहे, संरक्षित यादीत नाही, म्हणजे जे काही करायचं ते भावकीनेच ठरवायचं. सिंहस्थाच्या निमित्ताने सगळे एकत्र येणार, तेव्हा देऊळ मूळ रूपात दिसावं असं ठरलं आणि वर्गणीही जमली. आता चुलत भावाने अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधला लेझर सफाईचा व्हिडिओ आणलाय. गंजलेल्या मोल्डवरून (धातूच्या साच्यावरून) लेझरची गन फिरते आणि मागे लख्ख धातू उरतो. पाणी नाही, वाळू नाही, केमिकल नाही. १५०० वॅटचं मशीन आणून तेच देवळावर फिरवायचं असं त्याचं म्हणणं, आणि घरातले बहुतेक त्याच्या बाजूने आहेत.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका देवळाचं सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) झालं तेव्हा सगळे खूश होते. दगडाची घोटीव कातडीच निघून गेली, आणि पुढच्या पावसाळ्यापासून त्या खरबरीत अंगावर शेवाळ जे धरलं ते आता निघत नाही. तसं आमच्याकडे होऊ नये म्हणून विचारतोय.

काय काय साफ करायचंय ते सांगतो. भिंती घडीव काळ्या दगडाच्या. त्यावर कित्येक पिढ्यांचे चुन्याचे हात आणि सगळ्यात वर ऑइल पेंट, आधी पोपटी, मग गुलाबी. गाभाऱ्यात समईची काजळी आणि तेलाचा चिकट थर. देवळीत शेंदूर लावलेला मारुती. सभामंडपात पितळी घंटा, तिच्यावरची अक्षरं मळाने भरलेली. आणि खिडकीला लोखंडी गज.

उंबरठ्यावरच्या कीर्तिमुखाचा (दगडात कोरलेल्या सिंहासारख्या चेहऱ्याचा) एक पोपडा आपोआप सुटलाय. रंग आणि चुना मिळून चांगला जाड थर आहे, आणि त्याखाली पाथरवटाच्या टाकीचे तिरके घाव अजून धारदार आहेत. डोळ्याच्या कडेची बारीक रेघसुद्धा शाबूत आहे. इतकी वर्षं त्या थरानेच ती राखली असावी. ती रेघ गेली तर परत आणता येणार नाही, म्हणून एवढं लिहितोय.

वाचून जे समजलं ते असं. लेझरने दगड साफ करायची सुरुवात १९७० च्या दशकात व्हेनिसमध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्मस यांनी संगमरवरी मूर्तींवर केली. पुढे अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरची शिल्पंही लेझरने साफ झाली. तिथे फक्त १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण वापरला की दगड पिवळट दिसतो, म्हणून त्याच्या जोडीला ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण वापरला. तत्त्व सोपं आहे: काळा मळ किरण शोषतो, तापतो आणि उडून जातो. खालचा पांढरा दगड बराचसा किरण परतवतो, त्यामुळे मळ संपला की काम आपोआप थांबतं.

इथेच माझं घोडं अडलंय. आपल्याकडे सगळं उलटं आहे. वरचा चुना पांढरा आणि खालचा दगड काळा. मग चुना किरण परतवणार आणि जिथे चुना संपेल तिथे दगडच तो शोषणार ना? गाभाऱ्यात तर काजळीही काळी आणि दगडही काळा. थांबायचं कुठे हे त्या किरणाला कोण सांगणार? युरोपातल्या संगमरवरावरचं यश बघून नाशकातल्या बसाल्टवर तेच करायचं, हे मला पटत नाही. पण मी या विषयातला नाही. माझं कुठे चुकत असेल तर सांगा, आणि बरोबर असेल तर भावकीला पटेल अशा भाषेत सांगा.

---

अंबडचा वेल्डर

दादा, तुमची शंका अगदी बरोबर आहे. मी याच धंद्यात आहे, मशीन विकत नाही, जॉबवर्क करतो.

पहिला प्रश्न भावाला हा विचारा: मशीन पल्सचं आहे की कंटिन्युअस? १५०० वॅटची हातात धरायची गन बहुतेक वेळा कंटिन्युअस असते. किरण अखंड चालू, सगळी करामत उष्णतेची. जाड लोखंडावरचा गंज काढायला उत्तम. मोल्डवाले जे वापरतात ते पल्सचं, साधारण १०० ते ३०० वॅटचं. त्यात एकेक पल्स सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजतात, त्यामुळे उष्णता आत शिरायच्या आत वरचा थर उडतो. नाजूक कामाला हेच, आणि हे हळू चालतं.

एकाने हौसेने फुटक्या पाट्याचा तुकडा आणला होता, तोही आपलाच काळा दगड. कंटिन्युअस गन फिरवली तर पृष्ठभाग वितळून काचेसारखे काळे मणी उठले. कीर्तिमुखावर काय होईल ते तुम्हीच ताडा.

घंटेचं म्हणाल तर पितळेत जस्त असतं, आणि ते तांब्याच्या खूप आधी उडतं. जास्त तापलं की पृष्ठभाग लालसर पडतो. शिवाय चकचकीत पितळेवरून किरण कुठेही उसळतो. १०६४ चा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याचा पडदा जाळतो. वेल्डिंगची काच चालत नाही, त्या तरंगलांबीचाच गॉगल लागतो, आणि तो चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला लागतो. वाड्यात पोरंबाळं असतील, हे विसरू नका.

---

पाथरवट

गोदाकाठ, मी देवळांच्या दुरुस्तीची कामं करतो. आधी सगळ्यात तातडीचं: मारुतीला लेझर अजिबात लावू देऊ नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. लेझरखाली तो काळा पडतो आणि शिशाची विषारी वाफ होते. पारायुक्त शेंदूर असेल तर तोही काळवंडतो, आणि पाऱ्याची वाफ वेगळीच. तेलात कालवलेले थर हाताने, जपून सोडवावे लागतात, तेही मास्क आणि हातमोजे घालून. २०२२ मध्ये सप्तशृंगी गडावर देवीचं शेंदराचं कवच काढलं, तेव्हा मंदिर कित्येक दिवस दर्शनाला बंद ठेवलं होतं. घाईने उरकायचं काम नाही ते.

आता दगड. आपल्या बसाल्टमध्ये पांढरे ठिपके दिसतात ना, ते बरेचदा झिओलाइट नावाच्या खनिजाचे असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचेच मोठे स्फटिक मांडलेत. झिओलाइटच्या रचनेतच पाणी असतं. एकदम तापलं की ते पाणी निघून जातं आणि दाणा भुसभुशीत होतो. म्हणजे रंगाचा फरक बाजूला ठेवला तरी आपला दगड लेझरला सोयीचा नाही. अ‍ॅसिडही नको, ते झिओलाइट खातं आणि सांध्यातला चुनाही खातं.

ऑइल पेंटला जेलसारखा पेंट रिमूव्हर लावायचा, वर प्लास्टिक झाकून मुरू द्यायचा, आणि मऊ झालेला रंग बांबूच्या पट्टीने उचलायचा. चुन्यावर ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप. तो ओला असतानाच सर्जिकल ब्लेडने थर थर करून काढायचा, टाकीच्या घावाच्या दिशेने, आडवा नाही. गाभाऱ्यातल्या तेलकट काजळीला पातळ अमोनिया आणि सौम्य डिटर्जंट, मग स्वच्छ पाण्याने पुसणं. तारेचा ब्रश घरात ठेवूच नका. काम सुरू करण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या, आणि कोपऱ्यात चार बोटं जागेवर चाचणी करा. एखादी पट्टी चुना-रंगासकट तशीच राखून ठेवा, पुढच्यांना इतिहास कळेल. चुन्याखाली जुनं चित्रकाम निघालं तर तिथेच हात थांबवा.

घंटा लख्ख करायचा हट्ट सोडा असं मी म्हणेन. वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण सांगणारी इथल्या नारोशंकर मंदिरातली घंटा कुणी घासून पिवळीधमक केलेली आपल्याला बघवेल का? अक्षरांतला मळ लाकडी काडी आणि स्पिरिटने निघतो. तांबट आळीतल्या जुन्या कारागिराला बोलवा, पण बफिंग करायचं नाही हे आधीच बजावा.

देऊळ खासगी असलं तरी सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, तिथे जाऊन सल्ला विचारा.

---

गोदाकाठ

पाथरवट काका, वेल्डर भाऊ, मनापासून आभार. पाट्याच्या तुकड्याचं घरच्या ग्रुपवर टाकलं आणि पहिल्यांदाच भाऊ गप्प झाला. दगड आणि मारुती यांच्यापुरता लेझरचा विषय मी बंद करतोय.

राहिले गज. ते घडीव लोखंडाचे आहेत, तळाशी दगडात शिसं ओतून बसवलेले. वरचा भाग पल्सच्या मशीनने साफ करून घेतला तर चालेल का? तळाचं शिसं आणि आजूबाजूचा दगड झाकायचा कशाने? आणि गंज निघाल्यावर उघडं लोखंड नाशकाच्या पावसात किती टिकणार, लगेच वर काय द्यायचं? काकांनी सांगितलेलं लेपाचं काम हाताने करणारं कुणी नाशिक किंवा सिन्नरकडे असेल तर व्यनि करा. पावसाळ्याआधी निदान कीर्तिमुखाची चाचणी करून बघायची आहे.