काकोईजाना: सोनेरी लंगुराला अभयारण्य हवं की ग्रामसभेचं जंगल?

रानवेडा:
जानेवारी 2022 मध्ये आसाम सरकारने बोंगाईगाव जिल्ह्यातलं काकोईजाना राखीव जंगल, जेमतेम 20 चौ. किमी, अभयारण्य करण्याची प्राथमिक अधिसूचना काढली. भोवतालच्या गावांना ते नको, त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क हवेत. मी अभयारण्याच्या बाजूचा. इथलं सोनेरी लंगूर हे माकड भारतात संकोश आणि मानस नद्यांच्या मधल्या पट्ट्यातच आहे. दक्षिणेकडे त्याच्या जंगलाचे तुकडे झालेत आणि तुकड्यात अडकलेल्या टोळ्यांची पैदास नात्यातच होत राहते. अभयारण्याची हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवाचून बदलता येत नाही. ग्रामसभेचा ठराव पुढच्या सभेत फिरू शकतो.

देवराई:
हे डोंगर बोडके झाले तेव्हा ते राखीव जंगलच होतं, म्हणजे वनखात्याच्याच ताब्यात! गावांनी गस्त घातली, तोड थांबवली, मग झाडी परत आली आणि लंगूरही वाढले. अभयारण्यात चराई आणि सरपण परवानगीवर जातं. हक्क नाही तर गस्त कोण घालणार? आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, जंगल आजही उभं आहे. शिवाय वन्यजीव राखणं हे याच कायद्याच्या कलम 5 ने ग्रामसभेवर सोपवलेलं काम आहे. म्हणून आधी दावे निकाली काढा: सामूहिक दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना 'क', किमान दोन पुरावे, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. अधिसूचनेचं त्यानंतर बघू.

लाईनमन:
तुमचं भांडण हद्दीच्या आतलं. लंगूर मरतो तो बाहेर, वस्तीतल्या विजेच्या तारांवर. फांदी संपली की तो तारेवर उतरतो, आणि लांब हात किंवा शेपूट दुसऱ्या तारेला लागली की खेळ संपला. वस्तीत उघड्या तारा काढून आवरण असलेल्या तारा एकत्र वळलेली जुडी केबल टाका. रोहित्राच्या खांबावरची उघडी टोकंही झाका, तीच नेहमी राहून जातात. दोरपूल बांधायचा तर टोळी रोज जिथून ओलांडते तिथेच, दोन्ही टोकं पानांच्या आत नेऊन. बांबूचा पूल पावसात कुजतो, तो दरवर्षी तपासावाच लागतो. पूल सैल पडला की जनावर पुन्हा तारेवर.

रानवेडा:
मान्य. पण अभयारण्य झालं तर भोवती पर्यावरण-संवेदनक्षेत्र, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, येतं, तिथे नवी लाईन टाकताना अट घालता येते.

देवराई:
नव्या लाईनला. जुन्या तारांचं काय? आणि दोरपूल सैल पडला हे आधी दिसणार ते त्याच गावकऱ्यांना, ज्यांना विचारल्याशिवाय अधिसूचना निघाली.