दादाच्या एमजीबीचे सिल : घरच्या ग्रुपवरील चर्चा

दादा (ॲबिंग्डन, इंग्लंड), शनिवार रात्र
अण्णाकाका, गेले तीन शनिवार-रविवार मी ज्या गाडीखाली पडून आहे, तिची खरी अवस्था आज कळली, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी 1966 ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची कापडी टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्स कार. विकणाऱ्याने दाराखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे पोकळ उंबरे, नवे बसवल्याचे सांगितले होते आणि वरचा रंग पाहून मलाही ते पटले होते. आज डावीकडचा पुढचा मडगार्ड बोल्ट काढून उतरवला, तेव्हा त्याच्या मागून ओंजळभर वाळलेला चिखल निघाला आणि चिखलाखाली जुन्या, सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवलेला दिसला. कडा लांबीने (पुट्टीने) भरून त्यावर काळा डांबरी लेप दिला आहे. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. इंजिन ठणठणीत आहे, क्रोमचे बंपरही सुरेख आहेत. म्हणून विचारतो की आधी रंग आणि इंजिन आटोपून सिलचे वेल्डिंग, जे घरालगतच्या गॅरेजमध्येच करायचे आहे, हिवाळ्यावर ढकलले तर चालेल का?

अण्णाकाका (सातारा)
अजिबात चालणार नाही. आधी मला एवढेच सांग, गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना डावे दार उघडून अलगद सोडले, तर ते स्वतःच्या जागी येते की कुलपाच्या खिट्टीपाशी किंचित उचलावे लागते? दाराच्या पुढच्या आणि मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? फोटोतला रंग मला काहीच सांगत नाही. दाराची फट सगळे सांगते.

दादा
किंचित उचलावे लागते. मागच्या कडेची फट वर निमुळती होत गेली आहे. मी समजत होतो की बिजागरी झिजली असेल.

अण्णाकाका
बिजागरी झिजलेली असू शकते, पण तुझ्या वर्णनावरून मला गाडी मधोमध खचू लागल्याची शंका येते. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंग हीच तिची चासी आहे. बंद गाडीत थोडा भार छत पेलते, पण तुझ्या गाडीला छतच नाही, त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे जवळजवळ सगळे काम दोन्ही दारांखालच्या त्या पोकळ उंबऱ्यांवर येते. बाहेर दिसतो तो नुसता वरचा पत्रा असतो. त्याच्या आत मधला उभा पत्रा, त्यापलीकडे आतला सिल आणि तळाशी कंगोऱ्यांचा तो पत्रा, ज्याला तुमच्याकडे ‘कॅसल सेक्शन’ म्हणतात, हे सगळे मिळून एक पेटी तयार होते आणि गाडीची ताकद त्या पेटीत असते. सडलेल्या पेटीवर नवा पत्रा चिकटवणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणे. माझ्या गॅरेजमध्ये अशा गाड्या आल्या, तर मी मालकाला तोंडावर सांगत असे की हे काम मी बाहेरून झाकून देणार नाही.

ताई (पुणे)
मी वाचले होते की ऑक्सफर्डजवळच विटनी येथे ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबीचे संपूर्ण नवे अंग मूळ साच्यांवरून तयार करते. मग एवढे कापत बसण्याऐवजी ते आणून इंजिन, गिअरबॉक्स, काचा आणि आसने त्यात बसवणे अधिक शहाणपणाचे नाही का? दादाचा वेळ वाचेल आणि गाडी पुढची कित्येक वर्षे टिकेल.

दादा
ताई, मीही त्यावर गांभीर्याने विचार केला. 1988 पासून ही अंगे मिळतात आणि त्यांच्यामुळे पुष्कळ गाड्या भंगारातून वाचल्या, याबद्दल मला आदरच आहे. पण या गाडीची फरशी, बल्कहेड (इंजिन आणि आसने यांच्यामधली पत्र्याची भिंत) आणि मागचे मडगार्ड अजून धड आहेत. बॉनेटही मूळचे ॲल्युमिनियमचे आहे, जे त्या काळातल्या गाड्यांनाच होते. शिवाय मी राहतो त्या गावातच 1929 पासून 1980 पर्यंत एमजीचा कारखाना होता. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तिथून बाहेर पडल्या आणि त्यातली ही एक आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर संग्रहालयाकडून हिच्या मूळ नोंदींचे प्रमाणपत्रही मी मागवले आहे. इथल्या कामगारांनी जोडलेला जो पत्रा अजून जगण्यासारखा आहे, तो फेकून देण्यास माझे मन धजत नाही.

अण्णाकाका
तुझे म्हणणे मला मनापासून पटते. जे सडले ते निर्दयपणे कापावे, जे धड आहे त्याला हात लावू नये. मात्र धड कोणते, हे नजरेने ठरवू नकोस. एक लहान चुंबक पातळ फडक्यात गुंडाळ आणि सर्व अंगावरून फिरव. जिथे तो निसटतो तिथे पत्रा नाही, लांबी आहे. तुझ्या त्या बॉनेटला तो कुठेच चिकटणार नाही, तेवढे सोडून दे.

आत्या (डोंबिवली)
अरे बाळा, ते सगळे ठीक आहे, पण घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तू वेल्डिंग करणार म्हणतोस आणि त्याच गाडीत पेट्रोल आहे, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्याबद्दल तुमच्यापैकी कोणीच का लिहीत नाही?

दादा
आत्या, तुझी काळजी रास्त आहे आणि ते मी आधी लिहायला हवे होते. पेट्रोलची टाकी मागे गाडीखाली असते. ती मी पूर्ण उतरवून बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवली आहे. आसनांमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्याही काढल्या. आतला गालिचा आणि अस्तराचे कापड निघाले आहे, विस्तव विझवण्याचे नळकांडे हाताशी आहे आणि वेल्डिंग थांबल्यावर अर्धा तास मी तिथून हलणार नाही. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवत नाही, खाली भक्कम स्टँड असतात. मागच्या ब्रेकच्या ड्रममधली जुनी धूळ मी हवेने उडवली नाही, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद केली.

आत्या
आता जीव थोडा भांड्यात पडला. तोंडावरचा मास्क चांगल्या प्रतीचा घे आणि एकटा असताना गाडीखाली जाऊ नकोस.

ताई
पण दादा, तिथे गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी होते ना? मग असे झाकलेले काम तिथे पकडले कसे गेले नाही?

दादा
चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना 2018 पासून त्या वार्षिक तपासणीतून सूट आहे आणि रस्ताकरही लागत नाही. हवी असल्यास तपासणी स्वखुशीने करून घेता येते, आणि मी ती दरवर्षी करून घेणार आहे.

अण्णाकाका
अवश्य करून घे. सूट मिळाली म्हणजे जबाबदारी गेली नाही; उलट विचारणारा कोणी उरला नाही म्हणून ती तुझ्या एकट्यावर आली. शेजारी सूनबाई बसणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून काम कर.

आता कापण्याची पद्धत नीट वाच. दार खिळखिळे असेल तर आधी बिजागरी दुरुस्त कर. मग गाडीला पुढून-मागून असा आधार दे की दाराची फट जिथे असायला हवी तिथे येईल. ती आल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नकोस. त्यानंतर दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचे दोन आडवे दांडे वेल्डिंगचे टाके मारून पक्के कर, पण असे की दार लावून पाहता येईल. कापताना एकच बाजू घे. बाहेरचा सिल मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाआड शिरतो, तेव्हा ते टोकही कापावे लागेल. तिथे कंटाळा करून सिल त्या टोकाआधीच संपवणारे पुष्कळ असतात. सलग वेल्ड ओढू नकोस, पत्रा तापून पिळतो. इथे एक टाका, तिथे एक टाका, आणि दर थोड्या वेळाने दार लावून पाहा.

दादा
काका, सगळे उतरवून घेतले. उद्या सकाळी मित्राला बोलावले आहे, तो नळ्या कापून देईल. इंजिनाबद्दलही एक सांगायचे आहे. मागच्या रविवारी टॅपेट लावताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, तुम्ही सातारच्या गॅरेजात शिकवलेला नऊचा हिशोब वापरला. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की आठवा लावायचा, तिसरा दाबला की सहावा, दोन्हींची बेरीज नेहमी नऊ. गार इंजिनावर 15 हजारांश इंचाची पट्टी घातली आणि ती लोण्यातून सुरी ओढावी तशी किंचित अडत सरकली, तेव्हा तुमचा हात माझ्या हातावर असल्यासारखे वाटले.

अण्णाकाका
तो हिशोब तिथे लागू पडणारच. आपल्या अँबेसडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन आणि तुझ्या गाडीचे 1798 सीसीचे इंजिन एकाच घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी मालिकेतले. आयुष्यभर ज्याची टॅपेट लावली त्याचा थोरला भाऊ माझ्या पुतण्याच्या हातात आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. दोन्ही एसयू कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, ते रबरी नळी कानाला लावून ऐक. दोन्हीकडचा सूसू आवाज एकसारखा आला पाहिजे. पण ते नंतर, गाडी चाकांवर आल्यावर.

ताई
आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे काय? इकडे त्यावर सतत चर्चा चालू असते.

दादा
इथे 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. म्हणून सर्व नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आणि पाच टक्क्यांचे महाग पेट्रोलच वापरणार आहे.

दादा, रविवार संध्याकाळ
काका, दोन्ही दांडे बसले. दाराच्या बिजागरीची खीळ झिजलेलीच होती, ती बदलली. मग गाडीला आधार देऊन मधला भाग अगदी थोडा उचलला. आता डाव्या दाराची मागची फट वर, मध्ये आणि खाली तिन्ही ठिकाणी 4 मिलिमीटर आहे, आणि दार न उचलता, नुसत्या बोटाने ढकलल्यावर लागते. फोटो आणि चित्रफीत पाठवली आहे.

अण्णाकाका
चित्रफीत चार वेळा पाहिली, आवाजही ऐकला. उद्या सकाळी, रात्रीच्या गारव्यात सर्व बसल्यानंतर, फट पुन्हा एकदा मोज आणि आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेव. तेच आकडे आले तर पुढच्या शनिवारी डावी बाजू कापायला घे. ती पूर्ण होऊन दार लागेपर्यंत उजवीला हात लावू नकोस.